दहा एकरांतला गोल्फ

धर्माबाद म्हटलं की मिरचीचा बाजार आठवतो, नाहीतर गोदावरीवरचा बाभळी बंधारा. गोल्फ काही आठवत नाही. आज मात्र मला गोल्फबद्दलच बोलायचं आहे. छोट्या मैदानावरच्या, पाण्याचा हिशेब मांडून.

नेहमीचं १८ होलचं मैदान शंभर-दीडशे एकर जागा घेतं. एक फेरी पुरी व्हायला चार तास जातात. नोकरदार माणसानं ते आणायचे कुठून? पण खरी अडचण पाण्याची. शंभर एकर हिरवळीला ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं, तर २० लाख लिटर लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं. तशा चार गाड्या एका वेळी गवतावर ओतायच्या! आपल्याकडे हे कोणी मागूही नये.

पण १८ होल म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला १८६० साली पहिली ओपन स्पर्धा झाली, ती १२ होलच्या मैदानावर. खेळाडूंनी त्याच मैदानाला एका दिवसात तीन फेऱ्या घातल्या. अमेरिकेत पाइनहर्स्टला २०१७ मध्ये ‘द क्रेडल’ हे मैदान झालं. होल नऊ, जागा दहा एकर, एकूण लांबी ७८९ यार्ड. दोन-तीन काठ्यांवर भागतं आणि लहान मुलंही थकत नाहीत.

हिरवळीवाचूनही चालतं. कोरड्या मुलखातल्या मैदानांवर होलभोवती वाळूचे ‘ब्राऊन’ असतात. वाऱ्यानं उडू नये म्हणून वाळूत तेल कालवून ती दाबून बसवतात. खेळणाऱ्यानं आधी चेंडूपासून होलापर्यंत फळी ओढून पायांचे ठसे मोडायचे आणि मग हलकेच टोला द्यायचा. बाकी मैदानात पावसाळ्यात उगवेल तेच गवत. उन्हाळ्यात ते वाळलं तरी खेळ अडत नाही. नजर आणि हात, दोन्हींची परीक्षा तिथंही तितकीच होते.

हा खेळ श्रीमंतांच्या कुंपणाबाहेर यावा, असं मला मनापासून वाटतं. ज्या शाळांकडे, नगरपालिकांकडे मुरमाड पडीक जागा आहे, त्यांनी आधी तीनच होल करून पाहावेत. त्याला साडेतीन एकर पुरेत, आणि बोअरच्या पाण्याला हातही लावावा लागणार नाही.