जाहिरातीला पैसे कुठले?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या दिवाळीत आपण भाजणी विकायला काढली. हस्तपत्रके छापली, ती नाहूर स्टेशनच्या जिन्यावर पायदळी गेली. गिऱ्हाइके आली दोन! त्या रात्री मला झोप नाही. पैसे भिशीतले आणि हट्ट माझा.

मग लिज्जतच्या बायका आठवल्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिली पाकिटे चार. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. पुढे १९६२ मध्ये नावासाठी स्पर्धा लावली, बक्षीस अवघे ५ रुपये! नाव तर मिळालेच, शिवाय किती घरांत त्याची चर्चा झाली असेल, सांगा.

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून ओंजळभर भाजणी दिली. पुडीवर जिने केली तिचे नाव. एक पुडी खवट निघाली. मी स्वतः जाऊन बदलून दिली. जिना चढताना पाय जड झाले होते, खोटे कशाला बोलू! त्याच घरून आता चार किलोची मागणी आली आहे. दळण उद्या आहे, दोघीजणी लवकर या.