पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं?

(एकलहरे इथे वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



एरवी आपण रेशन, पाणी, मारहाण, जमिनीतला वाटा अशा विषयांसाठी जमतो. आज कॉम्प्युटरची भाषा शिकायची तर पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं, यावर बोलायचं आहे. ‘यात बाईचा प्रश्न कुठे आला?’ असं आत येता येताच एकीनं मला विचारलं. तिथूनच सुरुवात करते.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात पोचले. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागतं, म्हणून घरच्यांनीही मुलींना पाठवलं. चांगलंच झालं. पण तिथे शिकवतात ते कॉम्प्युटर वापरायला, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये माहिती भरायला. प्रोग्रॅम स्वतः लिहायचा ही पुढची पायरी. आणि नेमकी तिथे घरात वाटणी होते. मुलाला इंजिनिअरिंगला घालतात आणि मुलीला म्हणतात, ‘टायपिंग येतंय ना, मग पुरे.’ फॉर्म भरणारीला फॉर्ममागे पैसे मिळतात आणि फॉर्म बनवणाऱ्याला महिन्याचा पगार. काम दोघांचंही त्याच पडद्यासमोर बसून.

एखादी जिद्दीची निघते आणि म्हणते, मी स्वतःच शिकेन. माझ्या वर्गात अशी एक आली होती. दोन मुलांची आई, हिशेबाला पक्की. तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून सहाशे पानांचं पुस्तक विकत घेतलं होतं. दुसऱ्या प्रकरणाच्या पुढे ती गेली नाही. मला म्हणाली, ‘बाई, माझं डोकं त्यातलं नाही.’ मी पुस्तक चाळून पाहिलं. चाळीस पानं झाली तरी एकही प्रोग्रॅम चालवून पाहायला सांगितलेला नव्हता. नुसता कॉम्प्युटरचा इतिहास आणि व्याख्या. दोष पुस्तकाचा, आणि शिक्का तिनं स्वतःच्या डोक्यावर मारून घेतलेला! मुलगा अडला तर म्हणतो, पुस्तक भिकार आहे. बाई अडली की म्हणते, मीच भिकार. म्हणून हा बाईचा प्रश्न आहे.

जगातला पहिला प्रोग्रॅमिंगचा वर्ग पुस्तकाशिवाय चालला होता, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? १९४५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक नावाचं खोलीभर मोठं यंत्र बांधलं. त्याच्याकडून गणितं करून घ्यायचं काम सहा जणींना दिलं. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. युद्धाचं गुपित म्हणून आधी त्यांना यंत्राच्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही. हातात यंत्राचे नकाशे ठेवले आणि सांगितलं, यावरून समजून घ्या. त्यांनी घेतलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते यंत्र जगाला दाखवलं, तेव्हा त्यावर चाललेला हिशेब त्यांच्यातल्या दोघींनी बसवलेला होता. रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण मात्र सहापैकी एकीलाही नव्हतं. त्याच वर्षी त्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिली गेली. लिहिणारी अॅडेल गोल्डस्टाइन, तीही बाईच. तेव्हा हा पुरुषांचा प्रांत आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

आता आपल्याकडे पाहू. पुस्तकांना तोटा नाही, निवडायचं कसं हीच अडचण आहे. दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या काय बघायचं ते सांगते. पाठीवरचा मजकूर वाचू नका, पहिला प्रोग्रॅम कितव्या पानावर आहे ते बघा. पहिल्या तासाभरात तुमच्या हातून काहीतरी चाललं पाहिजे, पडद्यावर तुमचं नाव उमटलं तरी चालेल. ते होत नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

मग बघा पुस्तक कधीचं आहे. जुन्या बाजारात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा रस्त्याकडेला, ही पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात आणि आपला हात तिकडेच जातो. पायथन या भाषेच्या पुस्तकात ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस नसेल तर ते जुन्या पायथनचं आहे. त्या जुन्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. त्यातला पहिलाच प्रोग्रॅम आजच्या कॉम्प्युटरवर चूक दाखवेल, आणि तुम्ही परत म्हणाल, माझं डोकं! सी भाषेच्या पुस्तकात ‘टर्बो सी’ दिसलं तरी तेच. टर्बो सी १९८७ सालचं आहे. आपल्याकडच्या कॉलेजांनी ते फार वर्षं सांभाळलं, पण नव्यानं शिकणारीनं त्याच्या वाटेला जाऊ नये.

इंग्रजीची भीती सगळ्यांत मोठी, ती मोजूनच टाकू. पायथनचे स्वतःचे राखीव शब्द ३५ आहेत. सीचे, जुन्या प्रमाणाप्रमाणे, ३२. बँकेच्या स्लिपवर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर याहून जास्त इंग्रजी असतं आणि ते आपण रोज निभावतो. अवघड असतं ते भोवतीचं समजावून सांगणं, ते मराठीत मिळालं तर उत्तम. पण मराठी पुस्तकही पारखून घ्या. ‘लूप’ला ‘चक्रीय पुनरावर्तन’ म्हणून वर ते समजावून न सांगणारं पुस्तक आपल्याला दोन परक्या भाषा शिकायला लावतं. लूप हा शब्द तसाच ठेवावा आणि तो काय करतो ते आपल्या बोलीत सांगावं. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी, पायथन वगैरेंचे छोटे धडे मराठीत ऐकायला मिळतात, फुकट. पुस्तक इंग्रजी असेल तर हे धडे जोडीला ठेवा.

प्रोग्रॅम म्हणजे पाककृती, असं बायकांना शिकवताना हटकून सांगतात. आम्ही स्वयंपाकघराबाहेरचंही समजू शकतो हो! ठिपक्यांच्या रांगोळीचं उदाहरण मी देते ते मात्र खरंच तसं असतं म्हणून. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीत ठिपक्यामागून ठिपका. लूपच्या पोटात लूप. परीक्षेला चांदण्यांचा त्रिकोण काढायला सांगतात तो हाच. आपल्याला दहावं वर्ष लागायच्या आधीपासून येतो.

आता नावं. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं ‘लेट अस सी’ अनेकींच्या हातात येईल. (आपल्या नाशिकचे नाटककार कानेटकर ते वेगळे.) समजावण्याची हातोटी चांगली आहे, पण जुनी आवृत्ती घेऊ नका. त्यातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एक कंपनी कोणत्या ड्रायव्हरचा विमा उतरवते? लग्न झालेल्याचा सरसकट. लग्न न झालेला पुरुष असेल तर वय तिशीच्या पुढे हवं, बाई असेल तर पंचविशीच्या पुढे. ‘इफ’ आणि ‘एल्स’ शिकायला नमुना उत्तम. पण आपण शिकताना दोन प्रश्न जास्तीचे विचारूच. हा नियम कुणी केला, आणि नवऱ्यानं टाकलेली या इफमध्ये कुठे बसते? प्रोग्रॅममध्ये असे नियम शिरतात आणि मग खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘कॉम्प्युटर घेत नाही.’ कॉम्प्युटर घेत नाही म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुम्ही नव्हता.

कर्निघन आणि रिची या जोडीचं सीवरचं पुस्तक कुणी शहाणा भाऊ सुचवेल. रिचींनीच ती भाषा बनवली, पुस्तक १९७८ सालचं, सुधारून १९८८ साली आलं. थोर पुस्तक आहे. पण प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असलेल्यांसाठी ते आहे, असं त्यांनी प्रस्तावनेतच म्हटलंय. दुसरं किंवा तिसरं म्हणून घ्या.

माझी निवड विचाराल तर, कॉलेजात सी लावलेलं नसेल तर पायथनपासून सुरुवात करा. अॅल स्वायगार्टचं ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन’ २०१५ साली आलं, लेखकानं ते इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलंय. रोजची कंटाळवाणी कामं कॉम्प्युटरकडून करून घ्यायची, अशी त्याची मांडणी. इंग्रजी सोपं आहे.

‘ताई, आता फोनला सांगितलं की तोच प्रोग्रॅम लिहून देतो, पुस्तक कशाला?’ हा प्रश्न येणारच. देतो, खरं आहे. पण आधी विचारू, फोन कुणाचा? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. फोन भांडणात सगळ्यांत आधी काढून घेतला जातो. छापलेलं पुस्तक गादीखाली राहतं. आणि दुसरं असं की बचत गटाचं व्याज फोननं चुकीचं काढलं, तर वीस जणींना उत्तर कोण देणार? हिशेबनीसच ना! तिला तो प्रोग्रॅम वाचता आला पाहिजे.

म्हणून आपलं पुस्तक निवडताना बचत गटाची वही शेजारी ठेवायची. वीस सभासद, दरमहा शंभर रुपये, कर्जावर महिना दोन टक्के. पाच-सहा प्रकरणं झाल्यावर या वहीचं एक पान मला या भाषेत लिहिता येईल का, हे अनुक्रमणिका पाहून समजतं. याद्या आणि फाइली पुस्तकाच्या शेवटाला ढकलल्या असतील तर दुसरं बघा. आणि एकटीनं घेऊ नका. चार-पाच जणींत एक घ्या, पहिल्या पानावर गटाचं नाव घाला, म्हणजे कुणाच्या घरी ‘तुझं हे काय चाललंय’ म्हणून फेकलं जाणार नाही. घेण्याआधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात काही मिळतं का पाहा. १८४० पासूनची संस्था आहे, तिथे मागणी नोंदवायला आपण जायलाच हवं. मागणाऱ्याच नसतील तर पुस्तकं येणार कुठून?

इथल्या पाच जणींनी नावं दिली आहेत. रविवारी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, याच खोलीत बसायचं ठरलंय. लॅपटॉप मी आणीन. तुम्ही वही आणा, मागच्या मार्चच्या हिशेबाचं पान उघडून ठेवा. तिथे अडीचशे रुपयांचा मेळ लागत नाहीये म्हणे.