ईश्वराच्या जागी सत्य



आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा १९४४ साली सेवाग्रामला गांधीजींना भेटले. चर्चा खूप झाल्या. मत कोणीच सोडले नाही. तरीही गोरांच्या कन्येच्या आंतरजातीय विवाहविधीत ‘ईश्वरा’ऐवजी ‘सत्य’ म्हणण्यास श्रद्धावान गांधीजींनी संमती दिली. त्यांच्या निधनानंतर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामलाच झाला.

जगत्कर्ता ईश्वर आपले दर्शनही मानत नाही. तरी आत्मशुद्धीची साधना अखंड आहे. मग ‘मंदिरात येणार नाही, पण प्रामाणिकपणे जगेन’ असे घरातील तरुण म्हणाला, तर त्याला मिथ्यात्वी ठरविण्यापूर्वी त्याचा नय समजून घेऊ या. आपली श्रद्धा न सोडताही हे शक्य आहे. अनेकांताची परीक्षा व्याख्यानात नव्हे, घरातच होते.

जयजिनेंद्र!