आगीचा डोंगर आणि ऊन पाण्याचे कुंड



डोंगर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? सह्याद्रीचे कडे येतात. करवंदाच्या जाळ्या येतात. पावसाळ्यात कोसळणारे धबधबे येतात. आपला डोंगर थंड. पण जगात आगीचेही डोंगर आहेत. त्यांच्या पोटात दगड वितळतो आणि कधीतरी तो उसळून बाहेर पडतो. अशा डोंगराला ज्वालामुखी म्हणतात.

अशाच एका डोंगरावर आम्ही काही मंडळी पहाटे चढून गेलो. वरून सूर्योदय पाहिला. खाली उतरून त्याच डोंगराच्या पायथ्याशी ऊन पाण्यात अंघोळ केली. तिथे जे पाहिले आणि ऐकले, ते आज तुम्हाला सांगणार आहोत. मौज म्हणून ऐका. पण त्यात आपल्या कामाचेही काही आहे, बरं का.

हा डोंगर इंडोनेशिया देशात आहे. हा देश म्हणजे समुद्रात पसरलेली हजारो बेटे. त्यातले एक बेट म्हणजे बाली. तिथले बहुतेक लोक हिंदू आहेत. भेटले की हात जोडून 'ओम् स्वस्त्यस्तु' म्हणतात. म्हणजे तुमचे कल्याण होवो. देवळाला ते 'पुरा' म्हणतात. पाण्याला आदराने 'तोया' म्हणतात. आपल्या जुन्या पोथ्यांतही पाण्याला तोय असे नाव आहे. समुद्रापलीकडे आपल्या ओळखीचा शब्द कानावर पडला, की परके वाटत नाही.

डोंगराचे नाव बाटूर. उंची १,७१७ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे बाटूर कळसूबाईहून थोडा उंच. पण त्याची बसण्याची तऱ्हा निराळी. एक भली मोठी परात आहे अशी कल्पना करा. दहा किलोमीटरहून रुंद. तिच्या मधोमध हा डोंगर उभा. डोंगराच्या कुशीला चंद्रकोरीसारखे तळे. ही परात कशी झाली? हजारो वर्षांपूर्वी तिथे याहून मोठा डोंगर होता. तो फुटला. पोटातला रस बाहेर पडला, पोट रिकामे झाले आणि वरचा माथा खाली खचला. त्या खळग्यात पुढे पाणी साचले आणि हा नवा डोंगर वर आला.

आता कोणी विचारील, दगड वितळतो तरी कसा? पृथ्वी वरून थंड आहे, पण पोटात फार तापलेली आहे. तिचे वरचे कवच अखंड नाही. दुधावरची साय तुटून तिचे तुकडे व्हावेत, तसे त्या कवचाचे मोठमोठे तुकडे आहेत. ते अगदी हळूहळू सरकतात. बालीच्या दक्षिणेला समुद्राचा तळ असाच सरकत बेटाखाली शिरतो. जाताना तो पाणीही बरोबर नेतो. त्या पाण्यामुळे खालचा तापलेला खडक लवकर वितळतो. तो रस हलका, म्हणून वर येतो. त्यात वायू आणि वाफ कोंडलेली असते. झाकण घट्ट बसवलेल्या भांड्याखाली जाळ लावला तर काय होईल? तेच डोंगराचे होते.

बाटूरवर आपल्या मनाने जायचे नाही, अशी तिथली रीत आहे. गावचा वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमचा वाटाड्या तळ्याकाठच्या गावचा. पहाटे लोकांना वर नेतो, दिवसा कांद्याच्या शेतात राबतो. त्या भागात लाल कांदा चांगला येतो. संत्री आणि कॉफीही होते. डोंगराने टाकलेली राख मुरली की तिची कसदार माती होते. कांदा त्याच मातीत पोसतो.

पहाटे चारच्या सुमारास आम्ही चालू लागलो. थंडी होती. काळोख मिट्ट. प्रत्येकाच्या हातात बॅटरी. निघण्यापूर्वी वाटाड्याने पानाच्या द्रोणात थोडी फुले ठेवली आणि डोंगराला नमस्कार केला. मग तो आम्हाला म्हणाला, "माझ्या पुढे जायचे नाही. फार मागेही राहायचे नाही. मी थांबा म्हटले की थांबायचे." बोलला एवढेच, पण असे बोलला की कोणी प्रश्न विचारला नाही.

सुरुवातीला झाडी होती. मग झाडी संपली आणि काळी खडी लागली. एक पाऊल पुढे टाकावे तर अर्धे पाऊल मागे घसरावे. वाटाड्याने युक्ती सांगितली. पाय आडवा टाका, अंग थोडे पुढे झुकवा, घाई करू नका. दोन तासांत आम्ही माथ्यावर पोहोचलो. दम लागला होता, पण कोणाला इजा नव्हती.

वर एके ठिकाणी दगडांच्या फटीतून वाफ येत होती. आमच्यातला एक तरुण कौतुकाने वाट सोडून तिकडे निघाला. वाटाड्याने त्याचे मनगट धरले. म्हणाला, "वरून खडक दिसतो, पण आत पोकळ असेल तर? पाय खचला तर वाफेने भाजशील." मग त्याने स्वतः एक ठरावीक जागा दाखवली. तिथल्या फटीत अंडी ठेवली. थोड्या वेळाने ती उकडून निघाली. चूल नाही, सरपण नाही! आम्ही ती मिठाबरोबर खाल्ली. जवळच माकडे टपून बसली होती. त्यांनाही कवचे फोडायला मिळाली.

मग झुंजुमुंजू झाले. पूर्वेला तांबडे फुटले. खाली तळ्यावर धुके होते. ते हळूहळू विरले आणि पाणी चकाकू लागले. पलीकडे एक फार मोठा डोंगर दिसला. त्याचे नाव आगुंग. तीन हजार मीटरहून उंच. त्याहून दूर, समुद्रापार, दुसऱ्या बेटावरचा रिंजानी डोंगर निळसर दिसत होता. सूर्य वर आला तेव्हा सगळे गप्प होते.

वाटाड्याने मात्र आम्हाला खाली पाहायला सांगितले. उतारावर काळ्या दगडांचे मोठे पट्टे पसरले होते. जणू कोणी डांबर ओतून ठेवले आहे. ते वितळून वाहिलेले आणि मग थिजलेले दगड. मग त्याने त्यांची गोष्ट सांगितली.

पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी बाटूर नावाचे गाव होते. गावात पाण्याच्या देवीचे देऊळ. तिला 'देवी दानू' म्हणतात. १९१७ साली डोंगर फुटला. तापलेला रस वाहत गावापर्यंत आला आणि देवळाच्या दाराशी येऊन थांबला. लोकांना वाटले, देवीने वाचवले, आता भय नाही. ते तिथेच राहिले.

नऊ वर्षे गेली. १९२६ साली डोंगर पुन्हा फुटला. या वेळी रस दाराशी थांबला नाही. घरे, देऊळ, सारे गाव त्याखाली गाडले गेले. पण लोक शहाणे. ते वेळीच बाहेर पडले होते. देवीच्या पूजेच्या पवित्र वस्तू त्यांनी उचलून नेल्या. मग ते खाली परतले नाहीत. वर परातीच्या काठावर, उंचावर, त्यांनी नवे गाव वसवले. तिथेच नवे देऊळ बांधले. ते आजही आहे. बालीतले भातशेती करणारे शेतकरी त्या देवीला मानतात. भाताचे पाणी तिच्या तळ्याच्या कृपेने मिळते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मंडळी, या गोष्टीवर आम्ही पुष्कळ विचार केला. त्या लोकांनी देवी सोडली नाही. जागा मात्र सोडली. एकदा वाचलो म्हणजे दर वेळी वाचूच, असे नसते.

समोरच्या आगुंग डोंगराचेही तसेच. १९६३ साली तो फुटला तेव्हा हजाराहून अधिक माणसे मेली. पुढे २०१७ साली तो पुन्हा गुरगुरू लागला. जमिनीला वरचेवर हादरे बसू लागले. शास्त्रज्ञांची यंत्रे ते हादरे मोजत होती. त्या देशात धोक्याच्या चार पायऱ्या ठरवलेल्या आहेत. त्यातली सर्वांत वरची पायरी जाहीर झाली. लाखाहून अधिक माणसे गुरेढोरे घेऊन दूर गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी डोंगरातून राख उसळली. पण १९६३ सारखा अनर्थ झाला नाही. डोंगर तोच होता. या वेळी मात्र लोकांनी वेळेवर ऐकले.

न ऐकले तर काय होते, हेही सांगतो. त्याच देशात सुमात्रा बेटावर मारापी नावाचा डोंगर आहे. त्याच्या मुखापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका, असे शास्त्रज्ञांनी बजावलेले होते. तरी हौशी लोक वर जात. ३ डिसेंबर २०२३ ला डोंगर अचानक फुटला. वर चढलेल्यांपैकी वीसहून अधिक जण मेले. बहुतेक तरुण पोरे होती. कोणाची मुले, कोणाचे भाऊ.

आम्ही बाटूर उतरलो तेव्हा पाय दुखत होते. तळ्याकाठी तोया बुंगका नावाचे गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. ते पाणी कुंडांत घेतले आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खोल जाते, तापलेल्या खडकाला लागते आणि ऊन होऊन वर येते. डोंगराचा जाळ तोच. वर तो गाव गाडतो आणि खाली थकल्या माणसाचे अंग शेकतो.

तिथेही वाटाड्याने नियम सांगितले. ते आपल्याकडेही उपयोगी आहेत. आधी हाताने पाणी पाहा. एकदम उडी मारू नका. पाय, मग कंबर, मग खांदे, असे हळूहळू उतरा. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या. चक्कर आली तर लगेच बाहेर. नाकात पाणी जाऊ देऊ नका. ते पाणी पिऊ नका. बाहेर आल्यावर साधे स्वच्छ पाणी प्या. गरोदर बाईने, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये.

आपल्याकडेही असे झरे आहेत, ठाऊक आहे ना? ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी आणि गणेशपुरी. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे आणि तुरळ. जळगाव जिल्ह्यात उनपदेव. मग आपल्या पायांखालीही आग आहे की काय? घाबरू नका. आपले झरे ज्वालामुखीमुळे तापत नाहीत. पाणी जमिनीतल्या भेगांतून खूप खोल जाते. जितके खोल, तितकी उष्णता अधिक. तिथे तापून ते वर येते.

पण एक गंमत ऐका. आपला काळा कातळ हाही एकेकाळी वितळलेला रसच होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यातून रस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. थरावर थर साचले. तेच आपले सह्याद्रीचे कडे. त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. आपली ज्वारी आणि आपला कापूस त्याच मातीवर पिकतो. बाटूरच्या कांद्याचे आणि आपल्या ज्वारीचे नाते असे आहे.

आपला डोंगर आता आग ओकत नाही. पण पावसाळ्यात तो खचतो. २०१४ साली पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२३ साली रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर रात्री दरड आली. तेव्हा डोंगराखाली राहणाऱ्यांनी चार खुणा लक्षात ठेवाव्यात. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडणे. झाड किंवा खांब कलणे. झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणे. डोंगरातून घरघर ऐकू येणे. जोराचा पाऊस असताना यातली एक खूण जरी दिसली, तरी सामानाकडे पाहू नका. पोरेबाळे आणि म्हातारी माणसे घेऊन बाजूला व्हा. मग सरपंचांना आणि पोलीस पाटलांना कळवा. आजवर काही झाले नाही, असे म्हणत बसू नका. बाटूरचे लोकही नऊ वर्षे तसेच म्हणत होते.

आणि शेवटची गोष्ट. डोंगरावर, घाटात, नदीकाठी, धबधब्यापाशी पाट्या लावलेल्या असतात. 'धोका! पुढे जाऊ नये.' चारच शब्द. काल-परवापर्यंत त्या पाटीपुढून तुम्ही तसेच जात होता, कारण ती वाचता येत नव्हती. आता येते. ती वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा. पोरे ऐकत नसतील तर हात धरून मागे ओढा.

इतके सांगून आम्ही थांबतो.