इन्शुलिनची कुपी आणि चिठ्ठीवरील आकडा
(आरोग्य मेळाव्यात झालेले भाषण)



मधुमेह हा शहरातील बैठ्या माणसांचा रोग, अशी एक समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले आणि ती समजूत मागे पडली. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे त्या पाहणीने दाखविले. प्रौढांमधील त्याचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. त्यामुळे हा प्रश्न गोव्याच्या घराघरांतला आहे.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. पुढच्याच वर्षी संशोधकांनी आपले हक्क प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. जीवनदायी औषधाची मक्तेदारी कोणाकडे जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. गोव्यात शासकीय आरोग्य केंद्रांतून इन्शुलिन विनामूल्य देण्याची सोय आहे, ती याच हेतूला धरून आहे. तथापि ही सोय रुग्णाच्या हाती पडावयाची की नाही, हे पुष्कळदा औषधापेक्षा कागदावर अवलंबून राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सत्तरी तालुक्यातील एका गावात बारा वर्षांचा एक मधुमेही मुलगा आहे. त्याला सकाळी अठरा आणि सायंकाळी बारा, असे दररोज तीस युनिट इन्शुलिन लागते. आरोग्य केंद्रातील चिठ्ठीवर ‘इन्शुलिन, दोन कुप्या, एक महिना’ एवढेच लिहिलेले आहे. दहा मिलिलिटरच्या, दर मिलिलिटरला चाळीस युनिट असलेल्या कुपीत चारशे युनिट असतात. दोन कुप्यांत आठशे. मुलाची महिन्याची गरज आहे नऊशे. म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी दुसरी कुपीही संपते आणि पुढील तारीख मात्र तिसाव्या दिवसानंतरची असते. आई मजुरी बुडवून, बस पकडून खिडकीपाशी येते. तिला उत्तर मिळते, ‘बाई, तारखेला या.’ औषध देणारा कर्मचारी निर्दय नाही. त्याच्यासमोरील चिठ्ठी तेच सांगते. चूक कोणाच्या मनात नाही, ती आकड्यात आहे. आणि ती दर महिन्याला पुन्हा घडते.

बालवयात जडणाऱ्या मधुमेहात शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. अशा मुलाचे इन्शुलिन एक-दोन दिवस बंद पडले तरी उलट्या, पोटदुखी, जलद श्वास आणि गुंगी अशी लक्षणे दिसू लागतात व जीव धोक्यात येतो. अशा वेळी कागद शोधीत बसू नये. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

हे टाळण्याचा उपाय साधा आहे. चिठ्ठीवर तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: दररोजचे एकूण युनिट, कुपीतील इन्शुलिनची तीव्रता आणि महिन्याच्या कुप्यांची संख्या. वरील मुलाला दोन नव्हे, तीन कुप्या लागतात. दोन प्रकारचे इन्शुलिन असल्यास प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करावा. ज्याला दिवसाला दहाच युनिट लागतात त्याची कुपी हिशेबाने चाळीस दिवस पुरते. परंतु उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांनंतर वापरावयाची नसते, म्हणून त्यालाही महिन्याला एक कुपी दिली पाहिजे.

तीव्रतेचा उल्लेख हा प्राणरक्षणाचा भाग आहे. चाळीस युनिटच्या इन्शुलिनसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, शंभर युनिटच्या इन्शुलिनसाठी नारिंगी टोपणाची. शंभरचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतल्यास रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. कुपी बदलून मिळाली, तर सिरिंज तिच्या जोडीची आहे काय, हे खिडकीवरच विचारून घ्यावे. सिरिंज, सुया आणि रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्या यांचाही उल्लेख चिठ्ठीवर असावा. ‘इन्शुलिन’ या एका शब्दात ते सारे येते असे मानू नये.

दुसरा गोंधळ कार्डांचा होतो. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्याखाली पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी, आणि घरी परतल्यानंतरच्या पंधरा दिवसांच्या औषधांसाठी. रोजच्या इन्शुलिनकरिता ते कार्ड पुढे करून रुग्ण निराश होतो. रोजच्या इन्शुलिनचा मार्ग आपल्या भागातील आरोग्य केंद्राचा केसपेपर हा आहे. मोठ्या रुग्णालयातून घरी जाताना तेथील चिठ्ठीची प्रत घ्यावी आणि हातातील औषध संपण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे.

अधिकारी आणि कर्मचारी यांच्याकडून अपेक्षा एवढीच की, आधार कार्डाची प्रत राहिली किंवा तारीख दोन दिवस पुढे आहे, एवढ्या कारणाने इन्शुलिनचा रुग्ण रिकाम्या हाताने परत जाऊ नये. कागद मागाहून पुरा करता येतो. चुकलेला दिवस भरून काढता येत नाही. साठा संपल्यावर मागणीपत्रक पाठविण्यापेक्षा नोंदवहीतील नियमित रुग्णांची गरज मोजून ते आधीच पाठवावे.

शिक्षकांनाही येथे मोठे काम करता येईल. वर्गात असा मुलगा असल्यास त्याच्या आईला बेरीज-गुणाकार करून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा, आणि आरोग्य केंद्रात जाण्याच्या दिवसाची गैरहजेरी त्याच्या माथी मारू नये.

ग्रामस्थांनी प्रत्येक भेटीत चिठ्ठी, रिकामी कुपी आणि रोजच्या मात्रेची वही सोबत न्यावी. शेवटची कुपी उघडली की, त्याच आठवड्यात खिडकी गाठावी. तरीही नकार मिळाल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून तो लेखी मागावा. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा सर्वसाधारण माहितीसाठी तीस दिवसांची मुदत देतो. मात्र माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत देणे बंधनकारक आहे. हा मार्ग भांडणासाठी नव्हे. साठा आहे की नाही, हे वेळेवर कळावे यासाठी आहे.

इन्शुलिन विनामूल्य देण्याचे काम शासनाने पत्करलेले आहे. ते मुलाच्या दंडापर्यंत खंड न पडता पोहोचविणे, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याचे, वाचणाऱ्याचे आणि घेऊन येणाऱ्याचे काम आहे. सत्ताविसाव्या दिवशी त्या आईला बस पकडावी लागली नाही, तर ही सोय खऱ्या अर्थाने तिच्या घरी पोहोचली असे म्हणता येईल.

जय हिंद.