घरचा राखणदार उलटतो तेव्हां

शरीराच्या रक्षणासाठीं निसर्गानें ठेविलेली सेना क्वचित् आपल्याच घरावर शस्त्र धरते. सुसॅकचा रोग हा त्यांतलाच एक. अमेरिकन मेंदूतज्ज्ञ जॉन सुसॅक यांनीं १९७९ सालीं सहकाऱ्यांसह त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या विरळ रोगांत रक्तांतील श्वेतपेशी मेंदू, नेत्रपटल आणि अंतःकर्ण येथील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करितात. वाहिनी बुजते आणि पुढील भागाचें रक्त तुटतें.

रोगी बहुधा २० ते ४० वर्षांची स्त्री असते. डोकें दुखतें, स्मृति व स्वभाव पालटतात, दृष्टीचा एखादा तुकडा अंधारतो, ऐकूं येणें मंदावतें. परंतु तिन्ही लक्षणें एकदम दिसतीलच असें नाहीं. मग डोळे एक डॉक्टर पाहतो, कान दुसरा; आणि चित्तभ्रमाला घरचीं माणसें मनाचा विकार समजतात. एम्. आर्. आय्. चित्रांत मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या सेतूच्या मध्यभागीं गोल डाग दिसले, म्हणजे निदानाला बळ येतें.

प्रतिकारशक्तीला आवर घालणारीं औषधें वेळेवर मिळालीं तर पुष्कळ वांचवितां येतें. गेलेली श्रवणशक्ति मात्र सहसा परत येत नाहीं. म्हणून तिन्ही तक्रारी एकाच डॉक्टरापुढें एकत्र मांडणें, हें घरच्या माणसांचें कर्तव्य होय.