चमच्याचमच्याने जलसंजीवनी

(एका महिला मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नव्हे, पत्रकार आहे. तरीही आज या विषयावर बोलायला उभा राहिलो, तो एका जुन्या समजुतीमुळे. मुलाला जुलाब लागले की घरातील कोणी वडीलधारे हमखास सांगते, 'पाणी देऊ नका, पोटात ठरत नाही.' माझी धाकटी मुलगी आठ महिन्यांची असताना आमच्याही घरी हेच घडले. सांगणारी माझी आई होती, आणि नातीवर तिची माया माझ्याहून काकणभर अधिकच होती. सायंकाळपर्यंत मुलीची टाळू खोल गेली. रडताना डोळ्यांत पाणी येईना. शेजारच्या परिचारिकाबाईंनी तिला मांडीवर घेतले आणि रात्रभर चमच्याने जलसंजीवनी पाजली. पहाटे लंगोट ओला झाला, तेव्हा माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली.

या चमच्याचे सामर्थ्य जगाला दिसले ते १९७१ साली, आपल्याच देशात. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांतून जीव वाचवून लक्षावधी निर्वासित बंगालमध्ये आले होते. बनगाव येथे पटकीने थैमान घातले. रुग्ण जमिनीवर पडलेले आणि शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा संपत आलेला! डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण त्यांनी नळ बसवलेल्या पिंपांत भरून ठेवले. ते पाजले कोणी? रुग्णांच्या आयांनी, बहिणींनी, नातलगांनी. जिथे शंभरातील तीस रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. (कोलकात्याचेच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली पटकीच्या रुग्णांना असे द्रावण तोंडाने देऊन त्याचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. तो उपेक्षितच राहिला. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले २०२३ साली, मरणोत्तर.)

यामागील शास्त्र साधे आहे. जुलाबातही आतड्याची साखर शोषून घेण्याची शक्ती शाबूत असते. साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि त्या दोघांमागोमाग पाणी जाते. मात्र साखर फार झाली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. म्हणूनच बाटलीतील गोड पेये अशा वेळी देऊ नयेत. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, आणि एकाच वेळी पूर्ण विरघळवावी. पेलाभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकण्याची आपली काटकसर येथे घातक ठरते. द्रावण चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

खरी कसोटी पुढेच असते. आजारी मूल तोंड फिरवते, थुंकते, ओकते. आई हताश होऊन म्हणते, 'घेतच नाही हो!' अशा वेळी पेला तोंडाला लावू नये. दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा द्यावा. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबावे व पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. हे तासन् तास चालते. म्हणून एकट्या आईवर भार न टाकता आजी, आत्या आणि वडील यांनी पाळी लावून घ्यावी. वडिलांना चमचा धरता येतो, हे मी अनुभवाने सांगतो! अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. मोठ्या मुलाला पेज, ताक, वरणाचे पाणी चालते. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही दहा ते चौदा दिवस द्याव्यात.

मूल सुस्त पडले, पिणेच थांबले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. वाटेतही पिऊ शकणाऱ्या मुलाला चमचा चालू ठेवावा.

मी एक पुडी आणि एक लिटरची बाटली सोबत आणली आहे. आपल्यापैकी दोघीजणींनी पुढे यावे. द्रावण येथेच करून प्रत्येकीने चाखून पाहावे. चव अश्रूंहून अधिक खारट लागली, तर मोजण्यात चूक झाली असे समजावे.